रामकिसन सरांच्या कॉलरचं बटण

“सुटलं,” सर म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू टिचबटण बनवणाऱ्या कारखान्याची मालकीणच मी.

“खोकलात म्हणून सुटलं, सर.”

“मग आता मी खोकायचंबी न्हाई का?”

खोका की, दणकून खोका, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर रामकिसन सर होते. दिंद्रुडच्या शाळेत ज्यांनी अर्ध्या गावाला इंग्रजी शिकवलं, आणि उरलेल्या अर्ध्याला शिकवायचा प्रयत्न केला. मी उरलेल्या अर्ध्यातली. मी गप्प बसले, सुई-दोरा पिशवीत टाकला आणि त्यांच्या अंगातला शर्ट पुन्हा दुकानात न्यायची तयारी केली.

ही गोष्ट ऐन लग्नसराईतली आहे. ऊसतोडीला गेलेली माणसं गावात परतली की आमच्याकडे लग्नांचा धडाका सुरू होतो. माझं दुकान लेडीज टेलरचं. नवरीचे ब्लाऊज, करवल्यांचे ब्लाऊज, नवरीच्या आईचे आणि रुसलेल्या चुलत्यांच्या बायकांचे ब्लाऊज. मान वर करायला सवड नाही. आणि मी काय करत होते, तर एका पुरुषमाणसाच्या कॉलरचं बटण.

सरांना संक्रांतीच्या सुमाराला लकवा मारला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला. वाचाही आली, ती जरा कमी आली असती तरी चाललं असतं. हात मात्र आला नाही. माजलगावच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, रोज काठी घेऊन गावातनं एक चक्कर मारा, नाहीतर आलेला पायही जाईल. सरांनी ऐकून घेतलं आणि घरी येऊन जे बसले ते उठेचनात. कुणी भेटायला आलं तरी आतूनच बायकोला म्हणायचे, ‘झोपलेत म्हणून सांग.’ कारण एकच. टायशिवाय ते बाहेर पडत नाहीत.

हे खरं होतं. आख्ख्या पंचक्रोशीत रोज टाय घालणारा हा एकच माणूस. एप्रिलच्या उन्हात डांबर वितळत असताना सर मरून रंगाचा टाय घालून शाळेत जायचे. रिटायर झाल्यावर मेथीची जुडी आणायलाही टाय घालूनच. झोपतानाही काढत नाहीत, असं पोरं म्हणायची. आता एका हाताने टाय कसा घालणार? आणि दुसऱ्याने घालून दिलेला चालत नव्हता.

“मी घालू का म्हणलं,” चंद्रभागाकाकू, म्हणजे सरांच्या बायको, मला दुकानात येऊन सांगत होत्या, “तर म्हणाले, बायकोकडनं कॉलर लावून घ्यायला मी काय बालवाडीत चाललोय? आगं, लुंगी नेसवते, आंघोळ घालते, तवा न्हाई लाजत. टायला लाजतंय हे माणूस.”

“बद्रीनाथकडं जा ना काकू. तो जेन्ट्स टेलर आहे.”

“गेलते की. त्यानं त्यो रबराचा टाय दिला, इंग्लिश शाळंतली लेकरं घालत्यात तसला. ह्यांनी खिडकीतनं फेकला. नीट चांगल्या हातानं फेकला, बरं का. शेजारच्या म्हशीपुढं जाऊन पडला.” काकूंनी पदराने कपाळ पुसलं. “आगं वर्षे, तुझ्याकडं नाना तऱ्हेची हुकं असत्यात. कायतरी कर. हे माणूस घरात बसून बसून वाळून चाललंय, आन् मी त्याच्याबरोबर.”

नाही म्हणायला हवं होतं. पण दहावीला मी इंग्रजीत नापास झाले तेव्हा सर आमच्या घरी आले होते. माझ्यावर भयंकर चिडलेले होते, चहाही घेतला नाही. जाताना माझ्या बापाला म्हणाले, हिला शिवणक्लासला घाला, हिच्या हातात कला आहे, डोक्यात उजेड पडायची वाट बघू नका. आज माझं घर त्या क्लासवर चालतं. त्यामुळे शर्ट ठेवून घेतला.

अडचण दुहेरी होती. एका हाताने कॉलरचं बटण काजात जात नाही, ही पहिली. दुसरी जास्त अवघड. टायची गाठ काकूंनी न सोडता जपून ठेवली होती, तो डोक्यातून घालता यायचा. पण घातल्यावर आवळायचा कसा? एका हाताने गाठ धरायची आणि दुसऱ्याने मागचं टोक ओढायचं, अशी ती रीत. सरांनी नुसतं टोक ओढलं की गाठ खाली पोटाकडे यायची. गाठ ढकलली की कानाखाली जायची. तो प्रकार बघताना मला घाम फुटायचा, आणि सर मात्र माझ्याकडे बघायचे, जसा काही लकवा मीच आणला.

टिचबटण खोकल्याने सुटलं. मग मी वेल्क्रोची चिकटपट्टी लावली. सरांनी ती उघडून बघितली, चर्र असा आवाज आला.

“हा आवाज पोरांच्या बुटाचा हाय,” सर म्हणाले. “मी हा आवाज गळ्याजवळ सहन करणार न्हाई.”

मग मी एका जुन्या पर्सचं मॅग्नेटचं बटण काढून लावलं. कॉलर जवळ नेली की आपोआप टक्कन मिटायची. सर पहिल्यांदा काही बोलले नाहीत, तेव्हा मला वाटलं, सुटले बाई. पण नाकापेक्षा मोती जड. त्या वजनाने कॉलर पुढे लोंबायला लागली. तरी सर लोखंडी कपाटाच्या आरशात बघायला वाकले, तर कॉलर कपाटाच्या दाराला चिकटली. सर मान मागे घेतायत, दार त्यांच्याबरोबर उघडतंय. काकू शेंगा फोडत बसल्या होत्या, त्या हसता हसता आडव्या झाल्या. मीही हसले, ते मात्र चुकलंच. सर दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

इकडे दुकानात भिवराबाई ठिय्या देऊन बसलेली. तिच्या लेकीचं लग्न तोंडावर आलेलं.

“कावून गं, माझ्या लेकीचा बलाऊज अजून कापलाबी न्हाईस?”

“कापते, भिवराबाई. आजच कापते.”

“आन् ह्यो कुणाचा शर्ट? लेडीज टेलर हायस का काय हायस तू?”

तेच मला कळेनासं झालं होतं. रात्री डोळे मिटले तरी कॉलर दिसायची. नवरा म्हणाला, सोडून दे. मीही सोडून द्यायचं ठरवायची आणि सकाळी पुन्हा हुकांचा डबा उपडा करून बसायची. सरांचा राग, काकूंचं कपाळ पुसणं, भिवराबाईचे टोमणे, सगळं त्या एवढ्याशा बटणावर येऊन साचलं होतं.

शेवटी पँटचा चपटा हूक सापडला. तो एका हाताने सरकवून बसवता येतो. कॉलरच्या आत तो लावला, बाहेरून दिसायला साधं पांढरं बटण. कॉलर मिटली, खोकल्यावरही राहिली. मग त्या बटणावर तारेचा एक बारीक हूक बसवला, आणि टायच्या गाठीच्या पाठीमागे दोऱ्याची कडी विणली. कडी हुकात अडकवायची की गाठ जागच्या जागी. मी खुशीत सरांच्या घरी गेले.

सरांनी टाय डोक्यातून घातला, कडी अडकवली, टोक ओढलं. गाठ हातात आली. पुन्हा अडकवली, पुन्हा हातात आली. मग त्यांनी टाय गळ्यातून काढला आणि चुरगाळून कॉटवर टाकला.

“वर्षाराणी,” ते म्हणाले. पूर्ण नाव घेतलं म्हणजे पुढे काय येणार हे मला शाळेपासून ठाऊक होतं. “तुला दहावीतबी हेच सांगत होतो. अर्धवट काम करू नये माणसानं.”

“मग तुमीच शिवा,” मी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा सरांना उलट बोलले. “मला दुकानात दहा नवऱ्या शिव्या द्यायल्या तुमच्यापायी. घालू नका टाय. काय बिघडतंय?”

काकू उठल्या, पदराला हात पुसले आणि शर्ट हातात घेऊन बटण डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

“आगं येडे,” त्या म्हणाल्या, “ह्याचं तोंड खाली हाय. खुंटीचं तोंड खाली असतंय का कधी? वर कर की.”

ब्लाऊजचे हूक लावायच्या सवयीने मी तो हूक जसा हाताला आला तसा लावला होता. इतके दिवस डोकं फोडलं आणि शेवटी खुंटीसुद्धा कळली नाही. तिथेच बसून हूक उसवला आणि तोंड वर करून घट्ट बसवला.

सरांनी टाय घातला. कडी वरून हुकात सोडली. मग उजव्या हाताने मागचं टोक धरलं आणि ओढलं. गाठ जागची हलली नाही. मानेमागचा पट्टा सरकत सरकत कॉलरखाली जाऊन बसला. बटणाने गाठ धरून ठेवली होती. सरांचा डावा हात जे करायचा, ते.

ते आरशापुढे उभे राहिले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. मुद्दाम खोकले. वाकून बघितलं. टाय नाकासमोर सरळ होता.

“चालेल,” सर म्हणाले.

पहिल्या आलेल्या पोरालाही त्यांनी कधी याहून मोठी शाबासकी दिलेली नव्हती. मला रडू आलं. इतक्या दिवसांचा संताप होता, त्याचं पाणी झालं.

बाजारचा दिवस होता. काकूंनी चपला पुढे ठेवल्या, काठी हातात दिली. सर दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी थांबले. बाहेर बघत उभे राहिले, आणि मग सावकाश मागे वळले.

“आज ऊन लई हाय.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“सर, एप्रिलच्या उन्हात तुम्ही पळत शाळेत यायचात.”

“उद्या जाऊ.”

“उद्या कावून?” काकू म्हणाल्या. “टाय झाला, बटण झालं. आता काय राह्यलं? का वर्षीनं आता कोटबी शिवायचा?”

सर कॉटवर टेकले. डावा हात मांडीवरून घसरला, तो त्यांनी उजव्या हाताने उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. बराच वेळ त्यांनी त्या हाताकडेच बघितलं.

“रस्त्यानं निघालो,” ते म्हणाले, “की अर्धं गाव माझ्याच हाताखालनं गेलेलं हाय. म्हातारी झाली पोरं, पण दिसलो की हात जोडत्यात. ह्या हातात काठी. आन् ह्या हाताचं हे असं. त्यांनी हात जोडल्यावर मी काय जोडू?”

सरांनी काठी कॉटला टेकवून ठेवली.

“नुसतं बघून पुढं जाऊ? माजला म्हणतील. थांबून सगळ्यांना सांगत बसू, की बाबांनो, मला लकवा झालाय?”

भेटायला आलेल्यांना सर आतून ‘झोपलेत म्हणून सांग’ असं काकूंना का सांगायचे, ते मला तेव्हा कळलं. त्यांचा मला राग आला, खोटं कशाला बोलू. हे पहिल्या दिवशी बोलले असते तर इतक्या दिवसांची उरस्फोड वाचली असती. आणि त्याच वेळी त्यांच्या मांडीवरच्या त्या हाताकडे बघवेना. माझ्या हुकांच्या डब्यात ह्यावर काही इलाज नव्हता.

काकू मात्र चिडल्या होत्या.

“मंग हे आधी बोलाया काय झालतं?” त्या म्हणाल्या. “सुंभ जळला तरी पीळ जाईना. त्या पोरीला उगं राबवली, टाय टाय करून. उठा.”

“चंद्रभागा—”

“उठा म्हणते ना. मी हाय की.”

सर उठले. मला अजूनही सांगता येणार नाही, ते का उठले. काकूंचा आवाज तसा होता एवढंच. त्यांनी उंबरा ओलांडला, आधी काठी, मग चांगला पाय, मग तो दुसरा ओढत. काकू बाजाराची पिशवी घेऊन नेहमीसारख्या चार पावलं मागून. त्यांच्या पिढीच्या बायका नवऱ्याच्या बरोबरीने चालत नाहीत, रस्त्यात पुरुषमाणूस दिसला की पदर पुढे ओढून खाली बघत जातात. मी दुकानाकडे जायचं म्हणून त्यांच्यामागे निघाले.

कोपऱ्यावर म्हाळूचं पंक्चरचं दुकान आहे. म्हाळू आता पन्नाशीला आलाय, केस पिकलेत, पण सरांना बघितल्यावर त्याने हातातली ट्यूब पाण्यात टाकली, हात पँटला पुसले आणि उठून उभा राहिला.

“नमस्ते सर,” त्याने हात जोडले. “लई दिसांनी दिसलाव.”

सर थांबले. काठीवरची मूठ आवळली गेली. डावा हात तसाच लोंबत होता. त्यांनी म्हाळूकडे बघितलं आणि मग खाली मातीकडे.

काकू मागून पुढे आल्या. सरांच्या डाव्या अंगाला, अगदी खांद्याला खांदा लागेल अशा उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि मान वर करून, भर रस्त्यात, म्हाळूपुढे दोन्ही हात जोडले.

“नमस्ते, भाऊ,” त्या म्हणाल्या. “ह्यो सरांचा नमस्कार.”

म्हाळूचे हात क्षणभर तसेच जोडलेले राहिले. सरांनी मान वर केली आणि हलकेच हलवली. मग काठी उचलली.

दोघं पुढे निघाले. काकू ह्या वेळी मागे पडल्या नाहीत. पुढे बाजार गच्च भरला होता, आणि चालता चालता त्यांनी हातातली पिशवी खांद्याला अडकवून दोन्ही हात मोकळे केले.