द्वारकाबाईंचं माप

लाल चांदणी... तिळाएवढी, स्क्रीनवरच्या 'छाती' या शब्दाच्या खांद्यावर बसलेली. तिच्यापुढचा चौकोन भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे सुलेखाला आता तिसऱ्यांदा कळत होतं. आणि चौकोनात मावत होता एकच आकडा.

आठ दिवसांतलं हे तिसरं सॉफ्टवेअर. पहिल्याला मराठी येत नव्हतं; दुसऱ्यात शर्ट, पँट, कोट सगळं होतं, ब्लाउज नव्हता; आणि हे तिसरं दाखवायला राजकुमार नावाचा माणूस सकाळपासून टीव्ही सेंटरजवळच्या तिच्या शिलाईच्या दुकानात लॅपटॉप मांडून बसला होता, आणि दर दोन वाक्यांमागे 'एकदम सिंपल' म्हणत होता. पलीकडे आईचं, लीलाबाईंचं, मशीन चालू होतं.

"अडकलं कुठं, मॅडम?"

"एका बाईचं माप बसत नाही."

"बसतंच. आकडा टाका, एंटर मारा."

मांडीवर वही उघडी होती. आईचं अक्षर — द्वारकाबाई. डावीकडं नाय. तिथं अस्तर दुहेरी, आत मऊ कापूस. हात वर होत नाय, हूक पुढं. ऑपरेशननंतर द्वारकाबाई फुलंब्रीहून पहिल्यांदा आल्या तेव्हा आईनं पडदा ओढून घेतला होता, अर्धा तास दोघी आत, बोलण्याचाही आवाज नाही... आणि बाहेर येऊन आईनं एवढंच लिहिलं होतं. हे कुठल्या चौकोनात टाकू मी?

"खाली शेरा लिहा की," राजकुमार म्हणाला. "चालीस अक्षरं बसतात आरामात."

चाळीस! तिनं मनात मोजलं; कापसापाशीच संपत होती. तिला त्या माणसाचा राग आला, त्याच्या टकटक वाजणाऱ्या पेनाचा, चकाकत्या बुटांचा — आणि त्याचा यात काही दोष नाही हे कळत असल्यामुळे तो आणखीच वाढला. सतरा वह्या. नावांना क्रम नाही. कुठली बाई कुठल्या वहीत ते फक्त आईला ठाऊक, आणि आईला वही उघडायची कधी गरजच पडली नाही, बाई दारात दिसली की तिच्या हाताला माप आठवायचं. आठवायचं... गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात द्वारकाबाईंच्या मुलीचं लग्न होतं. आईनं ब्लाउज बेतला, शिवला, दोन्ही बाजू सारख्या, भरलेल्या. द्वारकाबाई आरशापुढे उभ्या राहिल्या. डावीकडचं कापड पोकळ, चुरगळलेलं. "राहू द्या लीलाबाई, पदरानं झाकतंय," त्या म्हणाल्या, आणि आई हसून म्हणाली, "का वं, वाळली का काय तू?"

माप चुकलं असतं तर उसवता आलं असतं. आई ऑपरेशनच विसरली होती. ते वाक्य सुलेखाला अजून झटकता आलेलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती आईला म्हणाली, काम वाढलंय, आता सगळं कॉम्प्युटरवर घेऊ. आई म्हणाली, घे.

"एक विचारू?" राजकुमार दुकानभर नजर फिरवत होता. "दोन मशिनी, दोघीच जणी. सॉफ्टवेअर कशापायी घ्यायले?"

"काम वाढलंय."

पलीकडचं मशीन थांबलं.

"काम नाय वाढलं," लीलाबाई दोरा दातानं तोडत म्हणाल्या. "मी इसरायले. म्हणून घ्यायली ती."

आईनं हे मटारचा भाव सांगावा तसं सांगितलं होतं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं — होतं ते, असलंच तर, सुलेखाच्या कामाविषयीची किंचित नापसंती.

"आन् ते वहीतलं कशाला उतरायली? ते तर लिवलेलंच हाय. जे लिवलं नाय ते विचार मला. हाय ध्यानात तवर विचार."

राजकुमारनं पेन खिशात ठेवलं. लॅपटॉपचं झाकण हळूच, जवळजवळ माफी मागितल्यासारखं खाली घेतलं. "मी... सोमवारी येऊ का, मॅडम?"

सकाळपासून हा कधी जातो याची ती वाट पाहत होती. तो राग, ते चौकोन, आठ दिवस दात आवळून केलेली चिडचिड — सगळं कुठे गेलं तिला कळेना. शोधूनही सापडेना, आणि तेवढाच एक आधार होता असं आता वाटू लागलं. विचार, म्हणाली आई. विचारायचं होतं ते कुठल्याच गिऱ्हाइकाबद्दल नव्हतं. तुला कधीपासून कळलंय? मला का नाही सांगितलंस... आई तिच्याकडे बघत होती, थांबली होती; हा माणूस गेला की दोघीच उरणार होत्या.

"बसा ना," ती राजकुमारला म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. "चहा घेऊन जा. एवढी घाई काय आहे?"