चंद्रभानचा कागद

चंद्रभानने शर्टाची दोन बटणं काढली, तिसऱ्यावर बोटं ठेवली आणि ती तिथंच राहिली. पलंगाशेजारी टीव्हीएवढं यंत्र होतं. त्याच्या वायरीच्या टोकाला एक बोथट दांडा, आणि नागपूरहून शिबिरासाठी आलेल्या डॉक्टर रीता मॅडम त्या दांड्याला चिकट मलम लावत होत्या.

“सुई कोठी हाये?” त्याने विचारलं.

“सुई नाही काका. पूर्वी यकृताचा तुकडा काढून बघावा लागायचा. हे बरगड्यांमधून नुसती टिचकी मारतं. यकृत मऊ आहे की कडक झालंय, ते आकड्यात कळतं. सकाळच्या रक्ताशी ताडून बघू.”

टरबुजाला टिचकी मारून पारखण्यात उभ्या आंजी गावात चंद्रभानचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यामुळे गोष्ट लगेच समजली. पण स्वतः टरबूज व्हायची त्याची तयारी नव्हती.

खरं तर वर्ध्याला तो आपणहून आला होता. पाच वर्षांपूर्वी पिऊन भर भजनात मृदंगावर कोसळला, त्या रात्रीपासून त्याने बाटलीला हात लावला नव्हता. भजन मंडळाचे बापूराव मात्र मृदंग परत देईनात. पिणाऱ्याचा काय भरवसा, डॉक्टरचा कागद आण, मग पाहू, म्हणाले. त्याची बायको कुंताबाईसुद्धा अजून रोज संध्याकाळी भाकरी वाढताना हळूच वाकून त्याच्या तोंडाचा वास घेई. त्याला कळत असे. तो जेवत राही. त्या कागदासाठी त्याचा जीव तुटत होता.

“सरका तिकडं,” कुंताबाई म्हणाली. “मी पाह्यतो अंगोदर. काही होत नाई.”

शेतातल्या नव्या विहिरीतही पहिली तीच उतरली होती. मॅडम हसल्या.

“काकू, सकाळपासून काही खाल्लंय?”

“चतुर्थी हाये. पाण्यावर हावो.”

“मग झोपा.”

दहा टिचक्या झाल्या. मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, दांडा थोडा सरकवला आणि पुन्हा दहा घेतल्या. मग कुंताबाईचं रक्त काढायला सांगितलं. चंद्रभानला वाटलं, रीतच असेल. तोही झोपला, डोळे मिटून.

दुपारी दोघांना आत बोलावलं.

“काका, तुमचा आकडा पाच पूर्णांक दोन, म्हणजे यकृत मऊ आहे. रक्तही चांगलं आहे. यकृतानं तुम्हाला माफ केलंय म्हणा.”

चंद्रभानने कागद दोन्ही हातांनी घेतला. डोळ्यांत आलेलं पाणी त्याने लपवलंही नाही.

“काकू, तुमचा आकडा चौदाच्या वर आहे,” मॅडम सावकाश म्हणाल्या. “रक्तातल्या प्लेटलेट्स कमी आहेत. दोन्ही आकडे एकच सांगतायत. यकृतावर बरेच व्रण झालेत.”

“मायं? मी तं कधी दारूले हात नाई लावला.”

“दारूच लागते असं नाही. कधी रक्त चढवलं होतं?”

“पोरगी झाली त्या येळेस, उज्वला. दोन बाटल्या. तीस वर्सं झाले.”

“त्यातून काविळीचा एखादा विषाणू आला असेल. तेव्हा त्याची तपासणी होत नसे. नागपूरला यावं लागेल, काही महिने. वेळ गेलेली नाही. औषध आहे.”

आंजीच्या बसमध्ये कुंताबाई खिडकीशी बसली होती. मरणाची भीती तिच्या चेहऱ्यावर नव्हती. तिथं दुसरंच काही होतं.

“उज्वलाचे बाबा, हे कोनाले सांगू नोका. लिव्हर म्हनलं का लोकाइले दारूच दिसते. म्हनतीन, दोघंबी मिळून पेत होते.”

गाव नेमकं तेच म्हणणार होतं, हे चंद्रभानला ठाऊक होतं. पाच वर्षं त्यानं ते ऐकलं होतं, आणि त्याचं तर खरंच चुकलं होतं.

आंजीच्या थांब्यावर बापूराव पारावर बसलेच होते. त्यांनी लांबूनच हात पुढं केला.

“काय म्हने मशीन? आन कागद.”

चंद्रभानचा हात खिशाकडे गेला. घडी करकरीत होती. मागे कुंताबाई मॅडमनी दिलेल्या नागपूरच्या चिठ्ठीची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिनं मान खाली घातली.

“खराब हाये,” चंद्रभान म्हणाला. “लिव्हर कडक झालं. आता काही महिने नागपूरच्या चकरा. उज्वलाची माय येईन संगं.”

बापूरावांनी हात मागं घेतला. त्यांना खरोखरच वाईट वाटलं असावं.

“मी म्हनतच होतो, चंद्रभान. ते सुटत नसते. तब्येतीले जपजो बाबा.”

“हो.”

गल्लीच्या वळणावर कुंताबाई थांबली.

“काऊन असं सांगतलं? आता मृदंग कधीच नाई देनार ते तुमाले.”

त्याने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

“मायं नाव तं पह्यलेच खराब हाये,” तो म्हणाला. “त्याच्यात तुयं मावते.”