नखाएवढा चेहरा

माझं दुकान फॉर्म भरून द्यायचं. शाहूपुरीत, जिन्याखाली, दारात एक माणूस बसला की वाट बंद. सरकारी फॉर्मला फोटो पन्नास केबीच्या आत लागतो, जरा जड झाला की साइट घेतच नाही. म्हणून माझा स्कॅनर कायम शंभरवर. इंचाला शंभर ठिपके, विषय संपला. तो आकडा बदलायचा असतो हेच मी विसरून गेले होते.

परवा शाहूवाडीकडच्या धोंडुबाई आल्या. साठीच्या पुढच्या. पिशवीतून प्लॅस्टिक, प्लॅस्टिकमधून रुमाल, आणि रुमालातून त्यांनी एक जुना फोटो काढला. दहा-बारा माणसं, मागच्या रांगेत कडेला एक बाई. चेहरा नखाएवढा.

"ही माझी आई. मी सव्वा म्हैन्याची असताना गेली. दुसरा फोटोच न्हाय. रविवारी पोराच्या घराची वास्तुशांत हाय, बाच्या फोटोशेजारी हिचा लावायचाय. मोठा निघंल न्हवं?"

"निघंल की, मावशी."

"आन् ह्येला लॅमिनेशन बी कर. कडा फाटाय लागल्यात."

सवयीनं स्कॅन केला, सवयीनंच लॅमिनेशनच्या मशिनमध्ये सारला. जुना फोटो आणि तापलेलं मशिन, एवढी अक्कल मला असायला हवी होती. अर्धा आत गेला आणि अडकला. ओढून काढला तेव्हा माणसांच्या जागी काळे फोड होते.

लपवण्यासारखं नव्हतंच. "मावशी, फोटो मशिनमध्ये जळाला," मी म्हणाले.

त्या दारातल्या स्टुलावर बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "पर आईला तू आधी कॉम्प्युटरात घेतलीस न्हवं?"

"घेतली की."

फाइल उघडून मोठी केली. सगळा चेहरा चाळीस ठिपके रुंद. बाराशेवर ठेवला असता तर पावणेपाचशे मिळाले असते. डोळे, कुंकू, सगळं आलं असतं. इथं नुसते करडे चौकोन. बाहेर पळावं म्हटलं तरी त्यांना ओलांडून जावं लागणार होतं.

"गावली का?" त्यांनी विचारलं.

"गावली. साफ करतेय."

मी चेहरा सुधारून देणारं ॲप उघडलं. आधी एक हसरी बाई आली. पुन्हा दाबलं, तर दुसरीच, गोल तोंडाची. तिसऱ्यांदा लांब नाकाची, जरा दमलेली. तीनदा तीन बायका, आणि त्यातली एक मी धोंडुबाईंची आई म्हणून निवडायची. मला माझीच किळस आली. तरी तिसरीची प्रिंट काढली.

त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. पदरानं डोळे पुसून पुन्हा बघितली. आता सांगावं म्हणून मी तोंड उघडलं.

"अगं बाई," त्या म्हणाल्या आणि स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. "सगळी म्हणायची, हिचं नाक कुणावर गेलंय कळंना. आईवर गेलंय की. तूच बघ."

मी बघितलं. त्यांचं नाक आखूड होतं, बसकं.

"व्हय की, मावशी," मी म्हणाले. "अगदी तसंच हाय."