मेलेलं धाकटीनं उचलायचं

नऊ वर्षं वाट पाहून झालेला गुंड्या ज्या वर्षी तीन पुरी करून चौथ्यात आला आणि त्याच्या आईला पुन्हा दिवस गेले, त्या वर्षाची ही गोष्ट. गुंड्याच्या काकाला जाऊनही तेव्हा दोन वर्षं झाली होती, पण ते घरात कोणी मोठ्यानं म्हणत नसे.

काकाच्या बायकोला सगळे धाकटी म्हणत. घर म्हणजे पुढं पाळीव प्राण्यांचं दुकान आणि मागं तीन खोल्या. गुंड्याचा बाप, म्हणजे धाकटीचा थोरला दीर, दुकानात बसे. सासू गुंड्याला सांभाळी, थोरली जाऊ, म्हणजे गुंड्याची आई, स्वयंपाक बघे. पिंजऱ्यांचं सगळं धाकटीकडे. भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या, तळाचे पत्रे घासायचे, आणि मेलेलं उचलायचं.

हे शेवटचं काम आधी तिच्या नवऱ्याचं होतं. तो गेल्यावर महिन्याभरात दुकानात एक ससा मेला. थोरला दीर नाक मुरडून बाजूला झाला, तेव्हा सासू म्हणाली, "धाकटीला सांग की. तिनं एवढं मोठं मरण पाहिलंय, तिला सशाचं काय?" त्या दिवसापासून तो घरचा नियमच झाला. आणि नियमाला शेपूट फुटलं: ज्या हातांनी मेलेलं उचललं, त्या हातांनी गुंड्याला शिवायचं नाही. सकाळी आंघोळ करून आली तरी नाही. गुंड्या धावत येऊन तिच्या पायांना मिठी मारी, तेव्हा ती दोन्ही हात वर धरून उभी राही. पोराला तो खेळ वाटे. तोही हात वर करून खदाखदा हसे.

एका सोमवारी नवा माल आला. खारीसारखे दिसणारे, पण खारीच्या दुप्पट, झुपकेदार शेपटीचे दहा प्राणी. कुठल्याशा लांबच्या देशातून, तीन हात बदलून आले होते. जागा झाली ती मागच्या खोलीत, धाकटीच्या अंथरुणाला लागून.

बुधवारी ती दुकानात आली. "दादा, त्या नव्यातल्या तिघांचे डोळे चिकटलेत. ओठांवर खपल्या आहेत. खाण्याला तोंड लावत नाहीत."

"प्रवासानं दमलेत. तू गेलीस कधी एवढ्या लांब?"

"मी कुठं जाते? या खोलीतून त्या खोलीत."

थोरला दीर हसला. माणूस तसा दुष्ट नव्हता. त्याला फक्त कटकट नको असे. धाकटी जरा धीर करून म्हणाली, "गुंड्याला तेवढं त्यांच्याजवळ येऊ देऊ नका."

आतून सासूचा आवाज आला. "गुंड्याचं नाव तुझ्या तोंडी नको. आम्ही आहोत त्याला बघायला."

गुरुवारी एक मेला, शनिवारी दुसरा. तिनं हातमोजे मागितले. "डॉक्टरीण झालीस का?" असं उत्तर मिळालं. तिनं दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या भिंतीशी खोल पुरले. तिसऱ्याला आजारी म्हणून वेगळं काढताना त्याची नखं तिच्या अंगठ्याला लागली. रक्ताचा बारीक थेंब आला. तिनं साबणानं हात धुतला आणि कामाला लागली.

त्याच दिवशी थोरल्या दिरानं उरलेल्यांतला एक तरतरीत प्राणी निवडून गुंड्याला दिला. गुंड्या त्याला बंडीत घालून घरभर फिरे, आपल्या ताटातलं भरवी, उशाशी घेऊन झोपे. तो बोट कुरतडी आणि गुंड्या किंचाळून हसे. सासूच्या डोळ्यांना आनंदानं पाणी येई. "बघा गं, कसा रमलाय!" ती म्हणे.

दुसरा एक प्राणी पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्यानं आपल्या मुलीसाठी नेला. धाकटी दाराआडून बघत होती.

नखं लागल्याला नऊ दिवस झाले, तेव्हा तिला ताप भरला. डोकं ठणकू लागलं, जबड्याखाली सुपारीएवढ्या गाठी आल्या. मग अंगठ्यावर फोड उठला, तळहातावर चार, कपाळावर, पापणीवर. मधोमध खळी असलेले टणक, भरलेले फोड.

सासूनं उंबऱ्यातूनच पाहिलं. "पांढऱ्या पायाची ती पांढऱ्या पायाचीच. आता अंगावर फुटून निघतंय. दार लावून घ्या, पोराला तिचं वारंही लागू देऊ नका."

दार लागलं. धाकटी आत, आजारी प्राणीही आत. जेवणाचं ताट थोरली दाराच्या फटीतून सरकवी. तिसऱ्या दिवशी ती दबक्या आवाजात म्हणाली, "काय हवंय का गं तुला?"

"ताई, मला काही नको. तो प्राणी गुंड्याच्या अंथरुणातून काढा."

"अगं, तो रडून घर डोक्यावर घेतो."

"घेऊ दे. ताई, मी रोज बघते त्यांना. त्यांच्या तोंडावर जे आहे ना, तेच माझ्या हातावर आलंय."

थोरलीनं हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तापात बडबडतेय." सासू म्हणाली, "स्वतःला मूल नाही, दुसऱ्याचं हसणं बघवत नाही तिला." थोरली गप्प बसली. घरातल्या बाईचं गप्प बसणं सोपं असतं. त्याची किंमत लगेच कळत नाही.

चौथ्या दिवशी गुंड्या कुरकुरत उठला. अंग गरम होतं. सासू म्हणाली, "दात येत असतील." साडेतीन वर्षांच्या पोराला कुठले दात!

दोन दिवसांनी भर दुपारी आरोग्य खात्याची बाई दोन माणसं घेऊन दुकानात आली. शिंप्याची मुलगी दवाखान्यात होती.

"घरात कोणाला ताप, पुरळ?" बाईनं विचारलं.

"छे. सगळे ठणठणीत," थोरला दीर म्हणाला.

"आजारी किंवा मेलेले प्राणी?"

"एकही नाही. तुम्ही त्या माकडांच्या आजाराचं म्हणताय ना? आमच्याकडे माकड नाही, एक मी सोडलो तर."

तो हसला. बाई हसली नाही. सासू मधल्या दारात आडवी उभी होती. तिच्या खांद्यावर गुंड्या मान टाकून पडला होता, अंगावर चादर लपेटलेली.

धाकटीला भिंतीपलीकडून सगळं ऐकू येत होतं. बोललं तर या घरात परत जागा नाही, हे तिला ठाऊक होतं. माहेरी कोणी उरलं नव्हतं. मग गुंड्याचं कण्हणं कानावर आलं. तिनं दार उघडलं, तोंडाला पदर बांधला, आणि सासूला वळसा घालून दुकानाच्या टोकाशी, सगळ्यांपासून लांब उभी राहिली. तिनं दोन्ही हात वर धरले. तळवे त्या बाईकडे.

"मी आजारी आहे," ती म्हणाली. "प्राणी आजारी आहेत. दोन मी स्वतः पुरलेत, जागा दाखवते. आणि आमच्या पोराला ताप आहे, त्याला आधी बघा."

"मेले, घर बुडवलंस!" सासू ओरडली.

बाईनं चादर बाजूला केली. गुंड्याच्या ओठांवर, मानेवर, बोटांवर फोड होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं घरच्यांना बाहेरच्या बाकावर बसवून समजावलं. आजार एमपॉक्स. पूर्वी मंकीपॉक्स म्हणत, पण नाव माकडाचं असलं तरी तो बहुधा उंदीर-खारींसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांतून माणसात येतो. हा विषाणू आहे, डोळ्यांना दिसत नाही. आजारी प्राण्याचा चावा, नख, फोडातलं पाणी, एवढं त्याला पुरतं. मग माणसाकडून माणसाला, अंगाला अंग लागून, अंथरूण-कपड्यांतून. बहुतेक लोक बरे होतात. लहान मुलं आणि पोटुशा बायांना धोका जास्त.

"म्हणजे तिच्यामुळेच ना?" सासूनं विचारलं.

"आजी, मुलानं तिला शेवटचं कधी शिवलं?"

"शिवू देतोय कशाला? दार लावून ठेवलं होतं तिला!"

"आणि प्राण्याला?"



थोरली पोटुशी. तिला त्या खोलीत जायला सक्त मनाई झाली. एकवीस दिवस तिच्यावरही नजर ठेवायची होती. आजार एकच म्हणून गुंड्याची खाट धाकटीच्या खोलीत होती. थोरली काचेबाहेर उभी राही. गुंड्या "आई, आई" करून हात पसरी. धाकटी आपल्या खाटेवर बसून बघत राही, हात मांडीखाली दाबून. दोन वर्षांची सवय अशी एका दिवसात सुटत नाही.

थोरलीनं काचेवर थाप मारली. काचेतून आवाज नीट जाईना, म्हणून ती ओरडून बोलली, आणि सगळ्या वऱ्हांड्यानं ते ऐकलं. "अगं घे ना त्याला! घे जवळ! मी सांगतेय!"

धाकटीनं त्याला उचललं. त्यानंतर नर्स आली तेवढा वेळ सोडला तर तिनं त्याला खाली ठेवलं नाही. फोडांमुळे त्याला गिळवत नव्हतं; ती चमच्यानं थेंब थेंब पाणी देई. पुढं आजार छातीत उतरला.

दुकान बंद झालं, प्राणी खात्यानं नेले. शिंप्याची मुलगी बरी झाली. धाकटी पाच आठवड्यांनी बाहेर आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर खळगे होते आणि एका डोळ्यानं तिला अंधुक दिसत होतं. सासू दारात आडवी झाली. "हिनं माझं पोर खाल्लं. ही आत यायची नाही."

थोरलीनं आजवर सासूला उलट शब्द दिला नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "आई, आपण त्याला हिच्या हातांपासून जपलं आणि आजार त्याच्या उशाशी नेऊन ठेवला. हिनं दोनदा सांगितलं. एकदा तर मलाच सांगितलं, आणि मी गप्प बसले. ही आत येणार. नाहीतर मीही बाहेर जाते, पोटातल्यासकट."

नवरा खाली मान घालून बाजूला झाला. सासूही मग सरकली, पण तिचं म्हणणं काही बदललं नाही. आजही शेजाऱ्यांनी विचारलं की ती धाकटीकडेच बोट दाखवते, आणि ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या माना डोलतात.

मरणाचा दाखला घरात आहे. त्यावर कारण एमपॉक्स असं लिहिलं आहे. गुंड्या दवाखान्यात अकराव्या दिवशी, गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास, काकूच्या मांडीवर गेला. त्याला तीन वर्षं आणि सात महिने झाले होते.