चिंगीचा व्यायाम

बाबांनी हेडफोन कानावरून गळ्यात ओढले, हातातल्या बाहुलीचं तोंड दोनदा उघडून मिटलं आणि पडद्याआडून विचारलं,

"ही माझ्या मागून का बोलते ग?"

"यंत्राला वेळ लागतो, बाबा."

"किती?"

"पापणी लवते तेवढा."

लेकीने खरं तेच सांगितलं होतं. माइकमधून येणाऱ्या आवाजाचे तिचा प्रोग्राम बारीक तुकडे करी, प्रत्येक तुकडा चढ्या सुरात वाजवी आणि शिवण दिसू नये म्हणून टोकं एकमेकांवर चढवी. तुकडे मोठे ठेवले की आवाज गोड, पण उशिरा. लहान केले की वेळेवर, पण खरखरीत.

बाहुली चिंगी सात वर्षांची होती आणि गेली पस्तीस वर्षं सातच वर्षांची होती. चोंबडी, आगाऊ, समोरच्या मुलांना उलट उत्तरं देणारी. मग बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज मात्र पार विहिरीत गेला. चिंगीने तोंड उघडलं की आतून हवालदार बोले. नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी एका मुलीकडून चिंगीची वाक्यं रेकॉर्ड करून घ्यायचं ठरवलं.

"पोरांनी मध्येच काही विचारलं तर रेकॉर्डिंग उत्तर देणार का?" बाबांनी विचारलं होतं.

व्यवस्थापक भला माणूस. त्यांनी लेकीच्या यंत्रासाठी एक प्रयोग दिला. जमला तर चिंगी बाबांची, नाहीतर रेकॉर्डिंग.

"तू तुझं यंत्र आवर, माझी बोटं मी आवरतो," बाबा म्हणाले, आणि तालमीला बसले. बोलायचं आत्ता, बोटं हलवायची पापणीभर उशिरा. बोलून पाहावं म्हणजे कळेल, जीभ आणि हात असे सहजी फारकत घेत नाहीत. पाचव्या दिवशी लेकीने तालमीचं चित्रण सावकाश चालवून पाहिलं. ओठ आणि आवाज तंतोतंत. तिने तोंडात बोटच घातलं. तिला इतकं चोख मोजायला यंत्र लागे.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी, चहा निवत असताना, तिला लहान तुकड्यांची खरखर घालवायची युक्ती सापडली. उशीर पावपट झाला. तिला इतका आनंद झाला की तिने तोच प्रोग्राम नाट्यगृहात लावला. बाबांना सांगायचं राहून गेलं. खरं तर तिला वाटलं, सांगायचं काय त्यात, ओझं कमीच झालंय.

पडदा उघडला. चिंगी डोकावली.

"आज दात न घासता कोण कोण आलंय?"

आवाज गेला आणि त्याच्या मागून तोंड हललं. पहिल्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली.

"ही आधी बोलते आणि मग तोंड उघडते."

दाराशी उभ्या असलेल्या व्यवस्थापकांनी मान खाली घातली. बापाने पाठ केलेल्या जिन्याची एक पायरी लेकीने न सांगता काढून टाकली होती. जुना प्रोग्राम परत लावायचा तर चार-पाच सेकंद चिंगी मुकी होणार. तिने कळीवर बोट ठेवलं.

"माझं तोंड आत्ताच झोपेतून उठलंय," चिंगी त्या मुलीला म्हणाली. "थांब, त्याला व्यायाम देते. कर माझ्याबरोबर. आऽ."

तोंड उशिराच उघडलं. मुलं हसली.

"ईऽ."

थोडं कमी उशिरा.

"ऊऽ."

बरोबर. अगदी बरोबर. सगळं नाट्यगृह ऊऽ करत होतं. लेकीने कळीवरचं बोट उचललं. आता जुना प्रोग्राम लावला असता तर तीच चूक ठरली असती.

पुढचा तासभर चिंगीने कुणालाच सोडलं नाही.

प्रयोग संपल्यावर लेक पडद्यामागे आली. माइक बंद होता. बाबा खुर्चीत बसून एका हाताने घाम पुसत होते, दुसऱ्या हातात अजून चिंगी होती.

"मी सांगायला हवं होतं, बाबा."

"हो, हवं होतं." त्यांनी रुमाल घडी केला. "मला वाटलं, हात म्हातारे झाले. आऽ म्हणेपर्यंत तेच वाटत होतं. घशामागून हातही गेले."

"मग?"

"मग ईऽला कळलं, मी होतो तिथेच आहे. तू पुढे गेलीस."

तेवढ्यात व्यवस्थापक आत आले.

"ती रेकॉर्डिंगवाली मुलगी उद्या अकराला येणार होती. तिला काय सांगू?"

"सांगा, चिंगीचं चिंगी बोलते म्हणावं," बाबा आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाले.

बोलताना हातातल्या चिंगीचंही तोंड हललं. यंत्र बंद होतं, तरी ते त्यांच्या आवाजाच्या किंचित मागून हललं, सकाळी लेकीने जेवढा उशीर ठेवला होता तेवढंच. बाबांना त्याचा पत्ता नव्हता. लेकीने पाहिलं, लॅपटॉप मिटला आणि त्यातला एकही आकडा आता बाबांना विचारल्याशिवाय हलवायचा नाही असं ठरवलं.