गोठलेल्या दवावरून

मित्रांनो, मी निफाडकडच्या एका मळ्यातली जुनी, काळी सायकल आहे. नाशिकच्या एका दुकानात माझे सगळे भाग जोडले गेले आणि तिथून गोटीराम आबांनी मला घरी आणलं. तेव्हा ते तरुण होते. मळ्यातली भाजी कॅरिअरला बांधून ते मला बाजारात नेत आणि घरी आल्यावर फडक्यानं पुसून ठेवत. पुढे त्यांचे गुडघे दुखू लागले, घरात मोटारसायकल आली आणि मी गोठ्याच्या भिंतीला टेकले ती तशीच राहिले.

मला तिथून बाहेर काढलं ते त्यांच्या सुनेनं, रूपालीनं. माहेरी ती सायकलनं शाळेत जायची. तिनं माझं पंक्चर काढून घेतलं, साखळीला तेल दिलं.

"आता या वयात सायकल शोभती का गं?" सासूबाई, म्हणजे सरुबाई म्हणाल्या. रूपालीनं माझी घंटी वाजवून पाहिली.

त्या हिवाळ्यात एका पहाटे अंगणातलं दव गोठून पांढरं झालं. आमच्या बागेतल्या द्राक्षांच्या मण्यांत नुकतंच पाणी उतरू लागलं होतं, ते मऊ होत होते. अशा थंडीत मणी तडकतात. ऊब राहावी म्हणून बागेला पाणी सोडायचं आणि शेकोट्या पेटवायच्या, एवढंच हातात असतं. पण बाग होती कालव्यापलीकडे आणि रूपालीचा नवरा महेश मोटारसायकल घेऊन ओझरला रात्रपाळीला गेलेला. आबा काठी घेऊन निघाले, तेव्हा रूपाली आडवी आली.

"आबा, तुम्ही थांबा. मी जाते."

"मग चाकातली हवा थोडी सोड," आबा म्हणाले. "टायर रस्ता धरून चालंल. आन् पुलावर एकदम ब्रेक दाबू नको. लय निसरडं असतं."

रूपालीनं हातांत महेशचे पायमोजे चढवले, कानांना मफलर गुंडाळला. माझं ग्रीस थंडीनं घट्ट झालं होतं, पायडल जड लागत होतं. कालव्याच्या पुलावर सांडलेल्या पाण्याचा पातळ बर्फ झाला होता, तो तिला दिसला नाही. पुढचं चाक सरकलं आणि आम्ही दोघी आडव्या झालो. तिचं कोपर सोललं. क्षणभर ती तशीच बसून राहिली. मग मला उचलून तिनं पूल चालत ओलांडला आणि पुन्हा स्वार झाली.

बागेत पोचल्यावर तिनं पाण्याची मोटार चालू केली, छाटणीच्या काड्या बांधावर पेटवल्या. कडेच्या काही ओळी गेल्या. बाकीची बाग वाचली.

परतताना ऊन आलं होतं. गवतावरचं गोठलेलं दव चमकत होतं, तिच्या तोंडातून वाफ निघत होती. घराकडचं वळण आलं, पण ती वळली नाही. उगाचच पुढे नदीपर्यंत जाऊन आली. त्यानंतर थंडी असेपर्यंत आम्ही रोज सकाळी निघू लागलो.

सरुबाई ओट्यावरून बघत असत. एक दिवस शाल गुंडाळून त्या माझ्याजवळ आल्या.

"मला बी ने बागेपर्यंत."

त्या मागे बसल्या, रूपालीची कंबर घट्ट धरून. "हळू चालव," असं पुलापर्यंत म्हणत होत्या. उताराला लागलो तेव्हा हळूच म्हणाल्या, "जरा जोरात जाऊ दे की."

मित्रांनो, थंडी पडली म्हणून आम्हाला कोपऱ्यात टाकू नका. आमच्यावरचं दव पुसा, साखळीला तेल द्या, निसरड्या जागी जपून चालवा. आणि निघताना घरातल्यांना एकदा विचारा, मागे कोणी बसणार आहे का.