धूळपाटीतलं पीठ

मित्रांनो, मी एक जुनी धूळपाटी आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला कधी पाहिलंही नसेल. चारी बाजूंना बोटभर उंचीच्या कडा असलेलं लाकडी ताट, एवढाच माझा थाट. माझ्यात बारीक वाळू पसरायची, बोटाने अक्षर काढायचं आणि चुकलं तर मला हलवायचं. चूक नाहीशी होते आणि कुणी रागावतही नाही. म्हणून लहान मुलांना मी आवडते आणि मलाही ती फार आवडतात.

माझा जन्म कॅनडातल्या एडमंटनमधल्या एका बेसमेंटमध्ये झाला. नागपूरचे भीमरावआजोबा लेकीकडे राहायला आले, तो त्यांचा इथला पहिला हिवाळा होता. बाहेर पाऊल टाकायची चोरी. घरात बसून बसून कंटाळले, तेव्हा नातीच्या पाळण्याच्या जुन्या फळ्या काढून त्यांनी मला घडवलं. तिच्या बोटाला कुसळ टोचू नये म्हणून कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. ती नात, अनुया, माझ्यातच 'अ' काढायला शिकली. पुढे ती मोठी झाली आणि माझी रवानगी विंटर टायर्सच्या शेजारी, भिंतीवरच्या फळीवर झाली. भीमराव गेल्यावर तर माझ्यावरची धूळही कुणी झटकली नाही. धूळपाटीवर धूळ साचणं नवीन नाही, पण ती धूळ बिनकामाची होती, म्हणून वाईट वाटायचं.

यंदा फेब्रुवारीत अनुयाच्या आईने, कल्याणीने, मला खाली काढलं. कल्याणी इथल्या एका डेकेअरमध्ये मुलांना शिकवते. तिच्या आंबेडकर असोसिएशनने आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका खेड्यात, बालवाडी उभारायला मदत केली होती. शेड बांधून झाली, थोकोझानी नावाची तरुण शिक्षिकाही मिळाली. अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. गावातल्या आया मुलं पाठवायला तयार नव्हत्या. एवढ्याशा पोरांना शाळेत काय शिकवणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्या एवढ्यालाच कबूल झाल्या, की कल्याणीने व्हिडिओ कॉलवर एकदा शिकवून दाखवावं, मग ठरवू. नकार आला तर शेड गावाच्या दुसऱ्या कामाला जाणार होती. होकार आला तर कल्याणी मला बॅगेत घालून तिकडे नेणार होती. खरं सांगते, या वयात मला प्रवासाची स्वप्नं पडू लागली.

कॉलच्या दिवशी आमच्याकडे अजून उजाडलं नव्हतं, तिकडे दुपार होती. कल्याणीने मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि माझ्यात मक्याचं पीठ ओतलं. तिची आई, रमाबाई, चहा घेऊन आल्या आणि तिथेच थबकल्या.

"काऊन वं, वाळू नाही भेटली का?"

"आई, आमच्या डेकेअरमध्ये रोज वापरतात. सेन्सरी ट्रे म्हणतात त्याला, मुलं हात घालून खेळतात. आणि ते लोक मकाच खातात, म्हणून मुद्दाम मका आणलाय. मुलांना ओळखीचं वाटेल."

"खायचं आहे न ते पीठ?"

"आई, प्लीज. कॉल जॉइन करायचाय."

रमाबाई चहा ठेवून मागे सरकल्या. मला मात्र माझ्या अंगावरचं ते मऊ, पिवळं पीठ नकोसं झालं होतं. पण लाकडाला तोंड कुठे असतं?

पडदा उजळला. शेडमध्ये आया दाटीवाटीने बसल्या होत्या, मांडीवर, पाठीवर पोरं होती. कल्याणी हसली, सगळ्यांना हात केला आणि पिठात बोट घालून तिने मोठा 'ए' काढला. त्यांच्या भाषेत आईला 'आमायी' म्हणतात आणि ते इंग्रजी लिपीत लिहितात, त्यातलं हे पहिलं अक्षर. मग तिने मला हलवलं. थोडं पीठ कडेवरून टेबलावर सांडलं.

पलीकडे, पुढे बसलेली एक वयस्कर बाई थोकोझानीला काहीतरी म्हणाली. थोकोझानी अडखळतच बोलू लागली, "त्या विचारतात, तुमच्या घरी पिठाशी खेळतात का? इथे जुनं धान्य संपलंय, नवं अजून शेतात उभं आहे. यांच्यातल्या काही जणींकडे आज चूल पेटलेली नाही."

कल्याणीने माझ्यावरचे हात काढून घेतले. मागच्या दोघीजणी उठल्या, पोरं पाठीला बांधली आणि बाहेर पडल्या. तिसरी उठायच्या बेतात होती.

"फोनची बॅटरी संपत आलीय," थोकोझानी हळूच म्हणाली.

माझ्या डोळ्यांसमोर रिकामी शेड उभी राहिली. मित्रांनो, इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती.

तेवढ्यात रमाबाई पुढे आल्या. त्यांनी पिठाचा डबा उघडला आणि माझ्यातलं पीठ ओंजळीने त्यात भरायला घेतलं. टेबलावर सांडलेलंही तळहाताने गोळा केलं, माझ्या कोपऱ्यातलं पदराच्या टोकाने काढलं. पलीकडे उठू पाहणारी ती बाई पुन्हा खाली बसली.

"बायांनो," रमाबाई पडद्याकडे बघून मराठीतच बोलल्या, "लेकीचं चुकलं. हे वाया नाही जाणार. आज याच्याच भाकरी थापते मी."

कल्याणीने ते इंग्रजीत सांगितलं, थोकोझानीने त्यांच्या भाषेत. मग कल्याणी स्वतःही म्हणाली, "माझं चुकलं. तुम्हाला न विचारता मीच ठरवून टाकलं." ती पळत दाराशी गेली. बर्फाने निसरड्या झालेल्या पायऱ्यांवर टाकायला ठेवलेली वाळूची बादली तिने आणली आणि माझ्यात ओतली. त्या भरड वाळूत तिने पुन्हा 'ए' काढला. बोट वर उचलणार, तोच पडदा काळा झाला.

नंतरचा वेळ कसा गेला ते विचारू नका. रमाबाईंनी खरंच भाकरी थापल्या. कल्याणी फोन उचलायची आणि खाली ठेवायची.

ती कामावर निघणार एवढ्यात फोन वाजला. थोकोझानीने एक फोटो पाठवला होता. शेडसमोर, पावसाने भिजलेल्या मातीत, तीच वयस्कर बाई उकिडवी बसली होती. तिने बोटाने एक भलामोठा 'ए' काढला होता आणि तिची नात त्यावरून आपलं बोट फिरवत होती. उठून गेलेल्या दोघीही मागे उभ्या होत्या. खाली लिहिलं होतं, "सोमवारपासून मुलं येतील. ते लाकडी ताट मात्र पाठवू नका. आमच्याकडे अंगण आहे."

कल्याणी हसत हसत रडली. मीही आधी हिरमुसले, लपवून काय करू? पण त्या अंगणापुढे मी ती केवढीशी, हे मला कळलं. आता दर रविवारी मी असोसिएशनच्या मराठी वर्गात जाते. मुलं "माय टर्न, माय टर्न" म्हणत भांडतात आणि माझ्यात 'अ' काढतात.

मित्रांनो, माझं एवढं ऐका. काम झालं की मला पुसा, कोरड्या जागी ठेवा, वर्षानुवर्षं विसरू नका. आणि कुणाला शिकवायला बसाल, तेव्हा आधी त्याच्या घरात आज चूल पेटली का, ते विचारा. माझ्या एका सांध्यात त्या पिठाचे चार कण अजून अडकले आहेत. वर्गाला निघताना रमाबाई ते दर वेळी सुईने काढू बघतात. मला वाटतं, ते तिथेच राहावेत.